सीरम आणि पेशींचे संदेशवहन: प्रयोगाची मांडणी, पायरीपायरीने

हेला या मानवी कर्करोगाच्या पेशींना ईजीएफ हा वाढघटक दिला, पाच मिनिटांनी लायसेट (पेशी फोडून मिळणारा अर्क) काढले, अँटिबॉडीने प्रथिने दाखवणारा ब्लॉट केला आणि शून्य मिनिटाच्या पट्टीतच फॉस्फो-ईआरके (फॉस्फेट लागून चालू झालेले ईआरके हे संदेशवाहक प्रथिन) ठसठशीत दिसला, तर अँटिबॉडी बदलण्याआधी सीरमकडे, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाकडे, बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. दहा टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचे सीरम) घातलेल्या मीडियममध्ये, म्हणजे वाढवण्याच्या द्रवात, पेशी चोवीस तास उद्दीपनाखालीच असतात. त्यावर आपण वरून ईजीएफ घालतो आणि फरक दिसत नाही म्हणून हैराण होतो.

सीरमला कल्चरमधले ‘खाद्य’ म्हणण्याची सवय आहे. अमिनो आम्ले, ग्लुकोज, जीवनसत्त्वे हे खाद्य खरे तर मूळ मीडियममध्येच असते. सीरम मुख्यतः संदेश पुरवते, म्हणून संदेशवहनाचा प्रयोग करणाऱ्याने त्याच्याकडे औषधासारखे पाहावे. मात्रा ठरवावी, वेळ मोजावी, लॉटचा, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा, क्रमांक लिहून ठेवावा.

सीरममध्ये काय काय असते

सीरम आणि प्लाझ्मा यांतला फरक इथे फार महत्त्वाचा आहे. रक्त गोठू दिले की बिंबिका (प्लेटलेट) फुटतात आणि त्यांच्या कणिकांमधला ऐवज बाहेर येतो. हा ऐवज सीरममध्ये राहतो. गोठू न देता वेगळ्या केलेल्या प्लाझ्मात तो जवळजवळ नसतो. रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले की रोहिणीच्या स्नायुपेशी सीरममध्ये जोमाने वाढतात, पण बिंबिकांचा ऐवज नसलेल्या प्लाझ्मापासून बनवलेल्या सीरममध्ये जवळजवळ थांबतात. त्या शोधातून पुढे पीडीजीएफ हा बिंबिकांतला वाढघटक हाती लागला. म्हणजे ज्या द्रवात आपण पेशी वाढवतो, तो जखमेवर साकळलेल्या रक्ताचा अर्क आहे. निरोगी शरीरातल्या बहुतेक पेशींना तो रोज भेटत नाही.

बिंबिकांतून येणाऱ्या घटकांत पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा आणि दोन मेदरेणू येतात: लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल, म्हणजे एलपीए, आणि स्फिंगोसिन-१-फॉस्फेट, म्हणजे एस१पी. वाढघटकांवर सगळ्यांचे लक्ष असते, या मेदरेणूंकडे दुर्लक्ष होते. सीरममध्ये एलपीए मायक्रोमोलर पातळीत असते. दहापट पातळ करूनही मीडियममध्ये ते शेकडो नॅनोमोलर उरते, आणि त्याचे रिसेप्टर जागे व्हायला याहून बरेच कमी पुरते.

परिणाम डोळ्यांनी दिसतो. उपाशी (सीरमविना) ठेवलेल्या स्विस ३टी३ या उंदराच्या पेशींवर सीरम घाला आणि ॲक्टिन रंगवून पाहा. आधी पेशीत ॲक्टिनचे धागे विरळ असतात. काही मिनिटांत आरपार ताणलेल्या दोऱ्यांसारखे जाड जुडगे उभे राहतात. रिडली आणि हॉल यांनी १९९२ मध्ये दाखवले की हे घडवणारा सीरममधला घटक अल्ब्युमिनला चिकटलेले एलपीए आहे आणि काम ऱ्हो या लहान जी-प्रथिनामार्फत होते. याच वाटेने पेशींची वाढ आवरणारा हिप्पो हा संदेशमार्गही बदलतो. २०१२ मध्ये सिद्ध झाले की सीरममधले एलपीए आणि एस१पी जी१२/१३ आणि ऱ्होमार्फत लॅट्स कायनेजला (कायनेज म्हणजे प्रथिनांना फॉस्फेट लावणारे एन्झाइम) रोखतात. मग यॅप या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनावरचे फॉस्फेट उतरते आणि यॅप केंद्रकात जाते.

बाकी घटक असे: आयजीएफ (इन्सुलिनसारखा वाढघटक) आणि त्याला धरून ठेवणारी प्रथिने, कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, थायरॉइड संप्रेरके, पेशी पृष्ठभागाला चिकटायला लागणारी फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन, जी इंटिग्रिनमार्फत फॅक आणि सार्क कायनेजना चालू ठेवतात, लोह आणणारे ट्रान्सफेरिन, आणि भरपूर अल्ब्युमिन. एफबीएसमध्ये अल्ब्युमिन साधारण २३ मिलिग्रॅम प्रति मिलि असते. दहा टक्क्यांच्या मीडियममध्ये ते सुमारे ३५ मायक्रोमोलर होते. तुम्ही १ मायक्रोमोलर इनहिबिटर (एन्झाइम रोखणारा रेणू) घातला, तर त्याला पकडायला मीडियममध्ये पस्तीसपट अल्ब्युमिन उभे आहे. मेदस्नेही इनहिबिटर सीरम नसताना चालतो आणि सीरममध्ये ‘निकामी’ ठरतो, त्यामागे अनेकदा हेच गणित असते.

लॉट निवडणे

एफबीएस गाईच्या गर्भाच्या रक्तापासून बनते, त्यामुळे एका लॉटची रचना दुसऱ्यासारखी नसते. प्रमाणपत्रावर आधी तीन गोष्टी बघा. एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातले विष) १० ईयू (एंडोटॉक्सिन युनिट) प्रति मिलिपेक्षा कमी हवे. मॅक्रोफेज, डेंड्रायटिक पेशी किंवा एनएफ-कॅपा-बी या दाहाच्या संदेशमार्गावर काम असेल तर १ च्या आसपास किंवा कमी असलेला लॉट शोधा. हिमोग्लोबिन २५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत हवे. जास्त असेल तर रक्त काढताना लाल पेशी फुटल्या आहेत. आणि मायकोप्लाझ्मा व बोव्हाइन व्हायरल डायरियाच्या विषाणूची चाचणी झालेली असावी. ‘प्रीमियम’, ‘सिलेक्ट’ हे शब्द त्या त्या कंपनीचे आहेत. कोणत्या देशाचे सीरम यावर किंमत फार बदलते. ती मुख्यतः गुरांच्या रोगांपासून तो देश किती मुक्त आहे याची किंमत आहे, वाढघटकांची नव्हे.

मग तीन-चार लॉटचे नमुने मागवा आणि सध्याच्या लॉटशी तुलना करा. बहुतेक प्रयोगशाळा फक्त वाढ बघतात. ती बघाच, पण १० टक्क्यांबरोबर २.५ टक्क्यांवरही, कारण १० टक्क्यांवर सगळे लॉट सारखेच चांगले दिसतात. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी पेशी मोजा, निदान तीन पॅसेज (पेशी नव्या डिशमध्ये वाटण्याच्या फेऱ्या). वसाहतींची चाचणी याहून बोलकी असते: ६ सेंमी डिशमध्ये २०० पेशी, १० ते १२ दिवस न हलवता, मग क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून मोजणी.

संदेशवहनासाठी खास चाचणी अशी. रात्रभर उपाशी ठेवलेल्या पेशींना प्रत्येक लॉटचे ०.१, ०.३, १, ३ आणि १० टक्के सीरम १० मिनिटे द्या आणि फॉस्फो-ईआरके व फॉस्फो-एकेटी (एकेटी हा पेशी जगवणारा कायनेज) बघा. मात्रेचा आलेख डावीकडे सरकलेला असेल तर लॉट ‘गरम’ आहे. दोन लॉट पेशी सारख्याच वाढवतात, पण एकाचा आलेख दुसऱ्याच्या तिप्पट डावीकडे असतो, असे घडते. रोगप्रतिकारक पेशींसाठी आरएडब्ल्यू २६४.७ या उंदराच्या मॅक्रोफेज पेशी नुसत्या त्या लॉटमध्ये २४ तास ठेवा आणि टीएनएफ हे दाहाचे प्रथिन मोजा; काहीही न घालता टीएनएफ वाढले तर तो लॉट परत करा.

आवडलेला लॉट एका वर्षाचा एकदम राखून ठेवा. एका छोट्या गटाला हे परवडत नसेल तर शेजारच्या दोन-तीन गटांनी मिळून घ्यावा. विद्यापीठांत हे सहज जमते. आणि पेशी जिथून आल्या, मग ते पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र असो वा परदेशी पेढी, त्यांच्या कागदावर कोणते सीरम लिहिले आहे ते वाचा. एनआयएच ३टी३ ला वासराचे सीरम चालते, एफबीएस नव्हे. पीसी१२ आणि एमसीएफ-१०ए यांना घोड्याचे सीरम लागते. इथे अदलाबदल केली तर पेशी जगतात, पण त्यांचा स्वभाव बदलतो.

वितळवणे, आणि ५६ अंशांचा प्रश्न

बाटली रात्रभर ४ अंशांवर वितळू द्या, मधूनमधून हलकेच फिरवा, मग ५० मिलिच्या नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. न ढवळता वाटले तर तळाच्या नळीत क्षार आणि प्रथिने जास्त जातात आणि प्रत्येक नळी वेगळी होते. वितळल्यावर दिसणारे पांढरे तंतू फायब्रिनचे असतात आणि निरुपद्रवी असतात. फिल्टरमधून ओढू नका, तो लगेच तुंबतो. हवे असेल तर ४०० जी ला (गुरुत्वाच्या ४०० पट) ५ मिनिटे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचे घ्या. वीज जाऊन फ्रीजर उतरला असेल तर त्या नळ्यांवर तशी खूण करा आणि त्या फक्त नेहमीच्या वाढीसाठी वापरा.

उष्णतेने निष्क्रिय करणे, म्हणजे ५६ अंशांवर ३० मिनिटे, हे कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातली संरक्षक प्रथिने, मारण्यासाठी असते. रोगप्रतिकारक पेशी, कॉम्प्लिमेंटशी संबंधित चाचण्या आणि कीटकपेशी सोडल्या तर बहुतेक पेशीप्रकारांना त्याची गरज नसते. उलट काही वाढघटक कमजोर होतात आणि गाळ वाढतो. करायचेच असेल तर तितकेच पाणी भरलेली दुसरी बाटली थर्मामीटरसह शेजारी ठेवा आणि तिचे पाणी ५६ ला पोचल्यावर घड्याळ लावा. दर दहा मिनिटांनी हलवा. एकाच प्रयोगमालिकेत निष्क्रिय केलेले आणि न केलेले सीरम मिसळू देऊ नका.

पेशी उपाशी ठेवणे

सीरम काढून पेशींना शांत करणे, मग एकच संदेश देणे, ही या कामाची मूळ रीत आहे. ती सोपी वाटते, पण सर्वाधिक चुका इथेच होतात.

किती वेळ? पेशींवर अवलंबून आहे. हेला किंवा एचईके२९३ मध्ये ईआरके आणि एकेटी खाली यायला ४ तासही पुरतात, तरी रात्रभर, १२ ते १६ तास, हा ठरीव काळ बरा. एनआयएच ३टी३ पेशींना विभाजनचक्राबाहेर न्यायचे असेल तर ०.५ टक्के सीरममध्ये २४ तास हवेत. सीरम परत दिल्यावर डीएनए बनायला लागायला साधारण १२ ते १६ तास जातात. प्राथमिक चेतापेशी आणि काही अस्तरपेशी सीरम पूर्ण काढल्यावर रात्र काढत नाहीत. त्यांना २ ते ४ तास पुरे.

शून्य टक्के की थोडेसे? फॉस्फोरिलेशनच्या छोट्या प्रयोगाला शून्य उत्तम. चोवीस तासांहून लांब प्रयोगाला ०.१ ते ०.५ टक्के. सीरमऐवजी ०.१ टक्के अल्ब्युमिन घालायचे तर मेदाम्लमुक्तच घ्या. साध्या अल्ब्युमिनला मेदरेणू चिकटून येतात आणि ज्यांच्यापासून सुटका हवी होती तेच परत मीडियममध्ये शिरतात. इन्सुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियमचे मिश्रण उपाशी ठेवताना कधीही घालू नका. एकपट मात्रेत त्यात इन्सुलिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि असते, म्हणजे सुमारे १.७ मायक्रोमोलर. ही मात्रा इन्सुलिनचा रिसेप्टर तर जागवतेच, आयजीएफचाही जागवते. एकेटी खाली येणारच नाही.

काढण्याची पद्धतही महत्त्वाची. जुने मीडियम ओढून घेऊन लगेच नवे ओतले तर तळाशी आणि कडांना उरलेल्या थेंबांतून २ ते ३ टक्के जुने मीडियम मागे राहते. सीरमविरहित कोमट मीडियमने दोनदा धुवा, मग उपासाचे मीडियम घाला. मीडियम बेंचवर उघडे ठेवू नका. झाकण सैल करून तासभर इन्क्युबेटरमध्ये ठेवलेलेच वापरा. कर्बवायू उडून गेलेले गुलाबी-जांभळे मीडियम पेशींवर पडले की नुसत्या सामूच्या (पीएचच्या) बदलाने कायनेज जागे होतात.

गर्दीचा नीट विचार करा. दाट भरलेल्या प्लेटमध्ये पेशींचे एकमेकींशी संपर्क हिप्पो मार्ग चालू ठेवतात, मग सीरम देऊनही यॅप केंद्रकाबाहेरच दिसतो. यॅपचे प्रयोग ५० ते ६० टक्के भरलेल्या प्लेटवर करा आणि सर्व गटांत ही घनता सारखी ठेवा. एचईके२९३ सीरम नसताना फार सैल पकडतात. पॉली-लायसिनचा थर दिलेली प्लेट घ्या आणि द्रव नेहमी भिंतीवरून सोडा.

काही पेशींत उपास चालतच नाही, आणि हा कौशल्याचा प्रश्न नसतो. ए३७५ मध्ये ईआरकेला चालू करणाऱ्या बीरॅफ कायनेजची व्ही६००ई उत्परिवर्तित आवृत्ती आहे. कितीही उपाशी ठेवा, ईआरके पेटलेलाच राहील. एचसीटी११६ मध्ये त्याच मार्गातले केरॅस बदललेले आहे. एलएनकॅप, पीसी-३ आणि यू८७ मध्ये एकेटीला आवरणारे पीटेन नाही, त्यामुळे एकेटी कायम चालू. अशा पेशींत ‘शून्य’ मिळवण्यासाठी दिवसच्या दिवस घालवण्याऐवजी पेशी बदला किंवा इनहिबिटरची तुलनापट्टी ठेवा.

प्रयोगाचा दिवस

उदाहरण म्हणून हेला आणि ईजीएफ, सहा खान्यांची एक प्लेट.

आदल्या दिवसाच्या आदल्या दिवशी प्रत्येक खान्यात ३ लाख पेशी, १० टक्के सीरमसह. पुढच्या संध्याकाळी दोनदा धुवून बरोबर ९०० मायक्रोलिटर सीरमविरहित मीडियम. सकाळी खालील गोष्टी ३७ अंशांवर तयार ठेवा: त्याच मीडियममध्ये दहापट ईजीएफ, म्हणजे २०० नॅनोग्रॅम प्रति मिलि, ईजीएफ ज्यात विरघळवले तो द्रव त्याच प्रमाणात घातलेले मीडियम, आणि निव्वळ सीरम. प्रत्येकाचे १०० मायक्रोलिटर ९०० मध्ये गेले की ईजीएफ २० नॅनोग्रॅम प्रति मिलि आणि सीरम १० टक्के होते. संपूर्ण मीडियम बदलून उद्दीपक देऊ नका. ओढणे आणि ओतणे यांचा धक्का स्वतःच ईआरके जागवतो.

वेळ उलटी मोजा, म्हणजे सर्व खाने एकाच क्षणी संपतील. संपायची वेळ १२:०० धरू. ११:०० ला पहिल्या खान्यात ईजीएफ. ११:४५ ला दुसऱ्यात ईजीएफ, तिसऱ्यात सीरम. ११:५५ ला चौथ्यात ईजीएफ, पाचव्यात नुसता द्रव घातलेले मीडियम. सहाव्याला हात लावायचा नाही. थेंब टाकून प्लेट चारही दिशांनी हळू हलवा, गोल फिरवू नका. गोल फिरवली की सगळे मध्यभागी साठते.

पाचवा खाना लोक गाळतात, आणि नेमका तोच सांगतो की दिसलेला संदेश ईजीएफचा आहे की हाताचा. सहावा आणि पाचवा यांत फरक दिसला तर बाकी ब्लॉट वाचू नका, पद्धत सुधारा.

१२:०० ला प्लेट बर्फावर. मीडियम ओढा, बर्फगार पीबीएस या क्षारद्रावणाने दोनदा धुवा, आणि दुसऱ्यांदा प्लेट तिरकी धरून शेवटचा थेंबही काढा. सीरम घातलेल्या खान्यात हे विशेष जपून करा, नाहीतर अल्ब्युमिन लायसेटमध्ये शिरते, प्रथिनांची मोजणी फुगते आणि ६६ किलोडाल्टनच्या आसपास पट्टी फुगून शेजारच्या पट्ट्या वाकड्या धावतात. खान्याला १५० मायक्रोलिटर गार लायसिस बफर, त्यात १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड, १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनाडेट आणि प्रोटीएज इनहिबिटर. ऑर्थोव्हॅनाडेट सामू १० ला आणून रंग जाईपर्यंत उकळलेले असावे. पिवळे राहिलेले कामाचे नाही. खरवडा, १५ मिनिटे बर्फावर, १४,००० जी ला १५ मिनिटे ४ अंशांवर. फॉस्फो-अँटिबॉडीसाठी ब्लॉट ५ टक्के अल्ब्युमिनने अडवा. दुधातले केसीन स्वतः फॉस्फेट बाळगून असते आणि पार्श्वभूमी काळवंडते.

वाचताना प्रत्येक फॉस्फो-पट्टी एकूण प्रथिनाशी ताडा. अपेक्षा अशी ठेवा: ईजीएफ रिसेप्टर पाच मिनिटांत, ईआरके ५ ते १५ मिनिटांत शिखरावर, ६० मिनिटांत बराच उतरलेला. सीरमचा ईआरके ईजीएफइतका टोकदार नसेल, पण एकेटी, ऱ्हो आणि यॅप एकदम हलतील. सी-फॉस या लवकर जागणाऱ्या जनुकाचा आरएनए ३० मिनिटांच्या सुमारास शिखरावर येतो. त्याच्या जनुकाआधी असलेल्या डीएनएच्या तुकड्याचे नावच सीरमवरून पडले: सीरम-प्रतिसाद घटक. सीरम देऊनही ३० मिनिटांनी सी-फॉस उठत नसेल तर पेशी नीट उपाशी नव्हत्या किंवा आजारी आहेत.

जिथे सीरम काढल्याने वेगळाच प्रश्न उभा राहतो

हेजहॉग मार्ग प्राथमिक पक्ष्माभिकेवर, म्हणजे पेशीच्या एकाच बारीक केसावर, चालतो. एनआयएच ३टी३ मध्ये तो केस ०.५ टक्के सीरममध्ये २४ ते ४८ तासांनीच नीट उगवतो. दहा टक्क्यांत एसएजी हे मार्ग जागवणारे रसायन कितीही घाला, ग्ली१ हे या मार्गाचे जनुक फारसे उठणार नाही.

व्हिंट-३ए या संदेशप्रथिनाचे उलटे. त्याला मेदाची शेपटी असते. सीरम नसलेल्या मीडियममध्ये ते टिकत नाही आणि क्रिया गमावते. सीरममधले अफॅमिन त्याला विरघळलेले ठेवते, हे २०१६ मध्ये दाखवले गेले. व्हिंटचा प्रयोग पूर्ण सीरमविरहित करून ‘पेशी प्रतिसाद देत नाहीत’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे.

एलपीएसचेही, म्हणजे जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनचेही, तसेच. सीरममधले एलपीएस-बंधक प्रथिन आणि विरघळलेले सीडी१४ एलपीएसला टीएलआर४ या रिसेप्टरपर्यंत पोचवतात. ज्या अस्तरपेशींवर स्वतःचे सीडी१४ नाही, त्या सीरमविना कमी मात्रेचे एलपीएस ओळखतच नाहीत. ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच भाग पचवणे) आणि तिला आवरणारा एमटॉर कायनेज बघणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: सीरम काढले तरी डीएमईएम या नेहमीच्या मीडियममधली अमिनो आम्ले एमटॉरसी१ ला धरून ठेवतात. पूर्ण बंद करायचे तर अमिनो आम्लेही काढावी लागतात, आणि ते वेगळे उद्दीपन म्हणून नोंदवावे लागते.

टीजीएफ-बीटाचा सापळा सर्वात फसवा आहे. सीरममधले टीजीएफ-बीटा बहुतांशी सुप्त रूपात असते, त्यामुळे पेशी गप्प बसतात. पण एलायझाच्या (अँटिबॉडीने प्रथिन मोजण्याच्या चाचणीच्या) आधी नमुना आम्लाने सक्रिय करतात, तेव्हा हे सुप्त रूपही खुलते. परिपक्व टीजीएफ-बीटा-१ ची साखळी माणसात आणि गाईत तंतोतंत एक आहे, म्हणून किट फरक करूच शकत नाही. पेशींनी किती स्रवले हे मोजायचे तर २४ तास सीरमविरहित मीडियम घ्या आणि पेशी नसलेले तेच मीडियम त्याच खान्यांत ठेवून वजाबाकी करा.

पॉलिअमिनांवर काम असेल तर गाईच्या सीरममधले अमिन ऑक्सिडेज स्पर्मिन आणि स्पर्मिडिन मोडून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि विषारी अल्डिहाइड बनवते. ‘स्पर्मिडिन पेशी मारते’ असा निकाल आला तर १ मिलिमोलर अमिनोग्वानिडिन घालून पुन्हा बघा. पुष्कळदा मरण थांबते.

आणि ट्रिप्सिन. एरवी सीरममधले प्रोटीएज-रोधक ते शांत करतात. थेट सीरमविरहित मीडियममध्ये पेशी पेरल्या तर उरलेले ट्रिप्सिन पार-२ रिसेप्टर कापून जागवते. सोयाबीनचा ट्रिप्सिन-रोधक वापरा, पेशी एकदा फिरवून धुवा.

संस्कारित सीरम

संप्रेरकांचा अभ्यास असेल तर कोळशाने धुतलेले सीरम. घरी करायचे तर १०० मिलि सीरमला २ ग्रॅम डेक्स्ट्रान लावलेला कोळसा, ४ अंशांवर रात्रभर फिरवत, १,८०० जी ला ३० मिनिटे, मग ०.२ मायक्रॉन फिल्टर. कोळसा स्टेरॉइडांबरोबर थायरॉइड संप्रेरके आणि काही जीवनसत्त्वेही नेतो, म्हणून तुलनेच्या गटालाही हेच सीरम द्या. मीडियम फिनॉल रेड नसलेलेच. त्या रंगासोबत इस्ट्रोजेनसारखा परिणाम येतो हे १९८६ पासून माहीत आहे. एमसीएफ-७ पेशी ४८ ते ७२ तास यात ठेवा, मग १० नॅनोमोलर इस्ट्रॅडायॉल.

चयापचय किंवा सिलॅक (जड समस्थानिकांच्या अमिनो आम्लांनी प्रथिने मोजण्याची पद्धत) असेल तर १०,००० डाल्टन पडद्यातून डायलिसिस केलेले सीरम, ज्यातून लहान रेणू जातात पण बहुतेक वाढघटक राहतात. पेशींनी बाहेर सोडलेल्या पुटिका गोळा करायच्या तर १,००,००० जी ला १८ तास फिरवलेले. तरी थोड्या गाईच्या पुटिका उरतात, म्हणून पेशींविना मीडियमची तुलना हवीच. कोलेस्टेरॉलच्या नियमनासाठी लायपोप्रोटीन काढलेले. यातले कोणतेही सीरम ‘साध्या सीरमसारखेच, फक्त एक गोष्ट कमी’ नसते, आणि धुतलेल्या लॉटचीही वर दिलेली मात्रेची चाचणी करायलाच हवी.

सीरममधून बाहेर

गर्भातून काढलेले रक्त वापरण्याची नैतिक अडचण खरी आहे आणि वैज्ञानिक अडचण तर वर सगळीकडे दिसलीच. मेसेन्कायमल (संयोजी ऊतींच्या) मूलपेशींसाठी ५ टक्के मानवी बिंबिका-लायसेट चांगले चालते. त्याबरोबर २ युनिट प्रति मिलि हेपारिन घाला, नाहीतर मीडियम जेलीसारखे गोठते. अर्थात बिंबिकांचे संदेश त्यात सीरमपेक्षाही जास्त असतात, हे विसरू नका.

पूर्ण सीरमविरहित मीडियमवर न्यायचे तर एका उडीत नेऊ नका. १० वरून ५, २.५, १, ०.५ आणि शून्य, प्रत्येक पायरीवर दोन ते तीन पॅसेज. पेरताना नेहमीपेक्षा दुप्पट दाट पेरा, प्लेटला फायब्रोनेक्टिनचा थर द्या, प्रतिजैविकांची मात्रा कमी करा कारण अल्ब्युमिनचा आडोसा नसतो. प्रत्येक पायरीवर थोड्या पेशी गोठवून ठेवा. एखाद्या पायरीवर वाढ निम्म्याहून खाली आली तर मागच्या पायरीवर परत या. पोचल्यावर ईजीएफचा वरचाच सहा खान्यांचा प्रयोग पुन्हा करा. निवडीत टिकलेल्या पेशींचे रिसेप्टर, आणि म्हणून प्रतिसाद, बदललेले असू शकतात.

वहीत प्रत्येक प्रयोगासमोर हे असावे: सीरमचा प्राणी, लॉट क्रमांक, निष्क्रिय केलेले की नाही, टक्के, उपासाचे तास आणि त्या वेळचे मीडियम, पेशींची घनता, पॅसेज क्रमांक. शोधनिबंधाच्या पद्धतीत ‘पेशी सीरमविना ठेवल्या’ एवढेच लिहिले तर तो प्रयोग दुसऱ्या कोणालाच करता येत नाही, ‘०.१ टक्के मेदाम्लमुक्त अल्ब्युमिन असलेल्या डीएमईएममध्ये १६ तास, दोनदा धुवून, ६० टक्के घनतेवर’ असे लिहिले तर करता येतो.